वर्सोव्याचं 'काउंटी टाउन'

इंग्लंडमधल्या काउंटी टाउनचा साचा साधारण ठरलेला असतो. एक किल्ला, जवळच जुनं चर्च, न्यायालय आणि बाजार. लँकास्टर घ्या ना. किल्ला आणि प्रायरी चर्च एकाच टेकडीवर. किल्ल्यातच कोर्ट आणि तुरुंगही! १६१२ मध्ये पेंडलच्या 'चेटकिणीं'चा खटला तिथेच चालला.

मग आपल्या वर्सोव्याचं काउंटी टाउन कुठलं? वांद्रे म्हणाल. पण मुंबई उपनगर जिल्हा जन्मला १९२० मध्ये. त्याआधी वेसावे, अंधेरी धरून अख्खी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे आपलं जिल्ह्याचं गाव ठाणे!

आणि साचा तिथे हुबेहूब सापडतो. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. दोन वर्षांनी वेसाव्याचा किल्लाही आला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे जिंकलं आणि पुढे किल्ल्याचा तुरुंग केला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले.

देवळांच्या बाबतीत तर ठाणे लँकास्टरच्या पुढे. मासुंदा तलावाकाठी कोपिनेश्वर, समोरच्या बाजूला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. सेंट जेम्स हे इंग्रजांचं चर्च १८२५ मधलं, बिशप हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झालेलं. बेने इस्रायलींचं सिनेगॉग १८७९ चं. नागरी बाजू बघायची तर नगरपालिका १८६३ ची, आणि १८९३ मध्ये सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. सरकारी हुकमाने नाही, गावातल्या वाचणाऱ्या माणसांनी उभं केलेलं.

यातलं बहुतेक सगळं टिकलं, कारण ते वापरात राहिलं. देवळात घंटा वाजते, ग्रंथालयातून पुस्तकं घरी जातात. किल्लाही वापरामुळेच टिकला, पण मध्यवर्ती कारागृह म्हणून. आणि घोळ इथेच आहे. जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतींआड फाशी दिलं गेलं. ती जागा आपल्याला सहज जाऊन बघता येत नाही. तुरुंग म्हटल्यावर ते साहजिकच आहे म्हणा.

लँकास्टरचा तुरुंग २०११ मध्ये बंद झाला आणि लोक आत फिरू लागले. कोर्ट मात्र तिथे चालूच राहिलं. म्हणजे किल्ला वापरातही राहू शकतो आणि लोकांनाही मिळू शकतो. ठाण्यातही तुरुंग हलवून किल्ला खुला करा, ही मागणी अधूनमधून होते. मला ती पटते.

तोवर काय? वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपर, पुढे लोकलने ठाणे. एक सकाळ पुरते. किल्ला बाहेरूनच बघा, पण ग्रंथसंग्रहालयात मात्र आत जा. तो वारसा उघडा आहे.