‘पुढचं कधी दाखवतोस?’ : संगणकावरच्या हौशी अ‍ॅनिमेशनची गोष्ट

पत्रिकेवर आमचा विषय ‘संगणक-अ‍ॅनिमेशनचा इतिहास’ असा छापलाय. हा इतिहास सांगायचा म्हटलं की लोक १९८२ च्या ‘ट्रॉन’पासून सुरू करतात, १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’वर येतात आणि मग स्टुडिओंची नावं सांगत बसतात. त्या वाटेने आज आम्ही जाणार नाही. आम्ही दहा-बारा जण दर रविवारी एकत्र बसून अ‍ॅनिमेशन करतो. आमचं पोट त्यावर नाही. कोणी बँकेत आहे, दोघे शिक्षक आहेत, एकजण निवृत्त ड्राफ्ट्समन, बाकीची कॉलेजची मुलं. आमच्यासारख्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो शोधायला आम्ही का निघालो, ते आधी सांगतो. त्यात आमचीच चूक आहे.

तीनेक वर्षांपूर्वी बारावीतला एक मुलगा आमच्याकडे आला. जिन्यावरून चेंडू उड्या मारत खाली उतरतो, अशी त्याची सहा सेकंदांची फीत होती. आम्ही दिवे घालवून ती पाहिली, दिवे लावले आणि चुका काढायला बसलो. चेंडूला वजनच वाटत नाही, सावली तरंगते, कॅमेरा उगीच हलतो. सगळं खरं होतं हो. तो बिचारा वहीत लिहून घेत होता. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पुढे त्याच्या मामांकडून कळलं की घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या सहा सेकंदांसाठी त्याने पाच रात्री घालवल्या होत्या. आम्ही ते विचारलंच नव्हतं.

तेव्हा आमच्या मनात आलं, की आमच्या आधीची हौशी मंडळी नवख्याशी कशी वागत असतील? तिथून हा शोध सुरू झाला.

१९८५ साली अमिगा नावाचा घरगुती संगणक बाजारात आला. पुढच्याच वर्षी एरिक ग्रॅहॅम या माणसाने त्याच्यावर एक छोटी फीत केली, ‘द जगलर’. गोळ्यागोळ्यांचा बनवलेला एक यंत्रमानव, खाली चौकटीचौकटीची फरशी, आणि तो तीन आरशासारखे चकचकीत चेंडू झेलतोय. त्या चेंडूंत फरशी दिसते, आकाश दिसते. एकूण चित्रं किती? फक्त २४. तीच पुन्हा पुन्हा फिरवलेली. पण एकेका चित्राला संगणक सुमारे तासभर घ्यायचा! म्हणजे डोळ्यांसमोरून सेकंदभरात जाणाऱ्या हालचालीसाठी यंत्र अख्खा दिवस राबत होतं.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ग्रॅहॅम यांनी हे गुपित ठेवलं नाही. १९८७ मध्ये त्यांनी ‘अमिगा वर्ल्ड’ मासिकात लेख लिहून प्रकाशकिरणांचा हिशेब कसा करायचा ते समजावून दिलं. हौशी माणसाला शाबासकीपेक्षा ‘हे असं केलंय’ हे वाक्य जास्त बळ देतं, हे आमचं मत तेव्हापासून पक्कं होत गेलं.

त्याच अमिगावर डेव्हिड बक नावाच्या प्रोग्रॅमरने आपला किरण-मागोवा घेणारा प्रोग्रॅम लिहिला आणि लोकांना फुकट वाटला. नाव होतं डीकेबीट्रेस. अ‍ॅरन कॉलिन्स यांनी तो पीसीवर आणला. मग १९९१ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रॅमर कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर जमले आणि त्या पायावर नवा प्रोग्रॅम उभा करायला लागले. हे लोक वेगवेगळ्या गावांचे, पगार कोणालाच नाही, आणि टेलिफोनच्या तारेवरून जोडलं गेलं की घड्याळ सुरू, कारण पैसे वेळेवर मोजले जायचे. त्या प्रोग्रॅमचं नाव पॉव्ह-रे. पॉव्ह म्हणजे ‘पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन’, आपण शाळेत शिकलो ते दृष्टिसातत्य.

पॉव्ह-रेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे एक गंमत आहे. यात माउसने काही ओढायचं नसतं. दृश्य लिहायचं असतं, शब्दांत. इथे एक गोल, त्याचं केंद्र अमुक ठिकाणी, त्रिज्या इतकी, रंग असा, तिथे दिवा, इथे कॅमेरा. हालचाल हवी असेल तर ‘क्लॉक’ नावाचा एक आकडा असतो, तो शून्यापासून एकपर्यंत वाढत जातो आणि प्रत्येक फ्रेमला गोलाची जागा त्या आकड्यावर ठरते. म्हणजे अख्खी फीत ही एक चिठ्ठी झाली की नाही? ती दुसऱ्याला पाठवता येते. तो वाचू शकतो. त्यात एक ओळ बदलून परत पाठवू शकतो. आमच्या ड्राफ्ट्समन काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, ‘अरे, हे तर नकाशावर पेन्सिलीने दुरुस्ती करून देण्यासारखं आहे, खोडरबर न वापरता!’ (हशा) तुझी सावली चुकली, एवढंच सांगणं आणि ‘बाराव्या ओळीत दिव्याची उंची दुप्पट करून बघ’ असं सांगणं, यात किती अंतर आहे बघा. दुसरं ऐकलेला माणूस त्याच रात्री पुन्हा बसतो.

या मंडळींतून १९९० च्या दशकात ‘इंटरनेट रे ट्रेसिंग कॉम्पिटिशन’ उभी राहिली. आमच्याकडे रांगोळीच्या स्पर्धा असतात ना, तशीच. विषय द्यायचा, मुदत द्यायची. स्थिर चित्रांची फेरी दोन महिन्यांची, अ‍ॅनिमेशनची तीन महिन्यांची. गुण देणारे कोणी नामांकित परीक्षक नव्हते, तीच हौशी मंडळी. गुण तीन गोष्टींना: कला, तंत्र आणि कल्पना. म्हणजे ज्याचं तंत्र कच्चं आहे, त्यालाही कल्पनेचे गुण मिळायची वाट मोकळी.

पण आम्हाला भावला तो एक नियम वेगळाच आहे. कामासोबत एक मजकुराची फाइल द्यावीच लागे. त्यात रकाने असत: कोणता प्रोग्रॅम वापरला, संगणक कोणता, रेंडरला किती वेळ लागला, आणि शेवटी, हे तुम्ही कसं केलंत ते सांगा. जुन्या फाइली चाळताना आम्ही या रकान्यांवरच रेंगाळलो. साध्या पीसीवर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चाललेली रेंडर. चित्र सामान्य असलं तरी तो रकाना वाचला की पाहणाऱ्याचा सूर आपोआप बदलतो. आम्ही त्या मुलाला जे विचारलं नाही, ते या लोकांनी छापील रकान्यातच घालून ठेवलं होतं. शिवाय शेरे सगळ्यांना वाचता येत. शेरा मारणाऱ्याचीही तिथे परीक्षाच.

याच धर्तीची पुढे निघालेली दुसरी स्पर्धा म्हणजे ‘इलेव्हन सेकंड क्लब’. दर महिन्याला अकरा सेकंदांचा आवाजाचा तुकडा देतात, त्यावर पात्राचा अभिनय करायचा. पहिल्या नंबराला बक्षीस काय? एक व्यावसायिक अ‍ॅनिमेटर तुमच्या कामावर सविस्तर टीका करून देतो. बक्षीस म्हणून टीका! ज्याची पाठ आधी थोपटली आहे त्याला टीका गोड लागते, एवढंच आम्ही त्यातून घेतलं.

जपानमध्ये वेगळीच तऱ्हा. २००८ मध्ये हिगुची यू यांनी ‘मिकूमिकूडान्स’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. हात्सुने मिकू या गाणाऱ्या पात्राला नाचवण्यासाठी. निकोनिको या संकेतस्थळावर पाहणाऱ्यांचे शेरे चालू चित्रावरूनच सरकत जातात. फीत आवडली की लोक ८८८८८८ असं लिहितात. जपानीत आठला ‘हाची’ म्हणतात आणि टाळ्यांचा आवाज ‘पाची पाची’, त्यावरून. पहिल्यांदाच फीत टाकणाऱ्या पोराच्या पडद्यावर आठांचा पाऊस पडत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल? मात्र तिथे शिस्तही आहे. मॉडेल कोणाचं, नाच कोणी बसवला, कॅमेरा कोणाचा, ही नावं दिल्याशिवाय फीत टाकणं वाईट समजतात.

आता मुख्य प्रसंग. ब्लेंडर हे नाव आज अ‍ॅनिमेशनच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. नेदरलँड्समधल्या टॉन रोसेनडाल यांनी नव्वदच्या दशकात आपल्या स्टुडिओसाठी तो प्रोग्रॅम लिहिला. १९९८ मध्ये त्यासाठी ‘नॉट अ नंबर’ नावाची कंपनी काढली. ब्लेंडर कोणालाही घेता येई, मात्र सुरुवातीच्या काळात काही सोयी ‘सी-की’ नावाची किल्ली विकत घेतल्यावरच उघडायच्या, आणि आतला सोर्स कोड बंद. २००० मध्ये गुंतवणूकदारांचे ४५ लाख युरो आले, माणसं पन्नासपर्यंत गेली, नोंदणी केलेले वापरणारे अडीच लाखांवर गेले. आणि २००२ च्या सुरुवातीला कंपनीला टाळं!

हौशी माणसासाठी याचा अर्थ काय, ते समजून घ्या. तुम्ही तीन वर्षं एका पेटीवर रियाझ केला, सगळ्या बंदिशी त्या पेटीच्या पट्टीत बसवल्या, आणि पेटी बनवणाऱ्याने दुकान बंद केलं. पेटी बिघडली तर दुरुस्त करणारा नाही, आणि ती उघडायची परवानगीही नाही. त्याच दिवसांत प्रोग्रॅमरांनी शेवटची आठवण म्हणून त्यात एक माकडाचं डोकं टाकून दिलं, घन आणि गोल असतात त्यांच्या रांगेत. तिचं नाव सुझॅन. आजही ब्लेंडर उघडलं की ती तिथे आहे.

रोसेनडाल यांनी मार्च २००२ मध्ये ब्लेंडर फाउंडेशन स्थापन केलं आणि गुंतवणूकदारांशी बोलणी केली: एक लाख युरो द्या, सोर्स कोड तुमचा. जुलैमध्ये ‘फ्री ब्लेंडर’ मोहीम सुरू झाली. आज लोकवर्गणीची संकेतस्थळं पैशाला पासरी आहेत, तेव्हा नव्हती. किती वेळ लागावा? सात आठवडे! १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएल लायसन्सखाली सगळ्या जगाला खुलं झालं.

हे पैसे कुठून आले, असा प्रश्न आम्हाला पडला होता. वापरणाऱ्यांनी दिले, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं आहे. फुकट मिळालेल्या वस्तूसाठी माणूस खिशात हात का घालतो? आम्हाला वाटतं, नुसत्या प्रोग्रॅमसाठी त्यांनी दिलेच नाहीत. आपल्या पहिल्या वेड्यावाकड्या चित्राला ‘छान, पुढचं कधी दाखवतोस?’ म्हणणारी जी माणसं तिथे भेटली होती, ती पांगू नयेत म्हणून दिले. याला आमच्याकडे कागदोपत्री पुरावा नाही, आमचा तर्क म्हणा. पण आपल्याकडे वाचनालय बुडायला लागलं की वर्गणी कोण देतं, ते आठवून बघा. ज्याला तिथे कोणीतरी हाताला धरून पहिलं पुस्तक काढून दिलेलं असतं, तो देतो.

पुढची गोष्ट थोडक्यात. २००६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये सहा जणांच्या चमूने ‘एलिफंट्स ड्रीम’ हा लघुपट केला. डीव्हीडी आधीच विकून पैसे उभे केले, मुदतीत पैसे भरणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत घातली, आणि फिल्मबरोबर तिच्या सगळ्या कामाच्या फाइलीही वाटून टाकल्या. पुन्हा तेच, ‘हे असं केलंय’. मग २००८ मध्ये ‘बिग बक बनी’, २०१० मध्ये ‘सिंटेल’. आणि मार्च २०२५ मध्ये लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ला सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, जो ब्लेंडरमध्ये केलेला आहे. ‘फ्लो’ काही हौशी काम नव्हे, त्याला निर्माते होते, चमू होता. पण त्याच्या आधीचा ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट झिल्बालोडिस यांनी एकट्याने केला होता, हे आमच्या मुलांना आम्ही दर वर्षी सांगतो.

सगळं गोडच होतं असं नाही. ब्लेंडर वर्षानुवर्षं शिकायला अतिशय किचकट होतं. वस्तू निवडायची तर उजवं बटण दाबा! नवखा गोंधळला की जुनेजाणते म्हणत, सवय होईल, मॅन्युअल वाच. २०१९ च्या २.८ आवृत्तीत अखेर डावं बटण आलं, तरी काही जुने सभासद अजून रुसलेले आहेत. आमच्यातही एक आहेत, नाव घेत नाही, पुढच्याच रांगेत बसलेत. (हशा) आणि प्रोत्साहन देणारेही थकतात. ती रे ट्रेसिंगची स्पर्धा दहाएक वर्षं चालली आणि थांबली. चालवणारेही संसारी माणसंच होती.

आमच्या मंडळात आता फीत पाहिल्यावर पहिला प्रश्न ठरलेला आहे: किती रात्री लागल्या? दुसरा: तुला स्वतःला यातलं काय आवडलं? चुका तिसऱ्या नंबरावर, आणि एका वेळी एकच, तीही ‘अमुक बदलून बघ’ अशा भाषेत. हे जमायला आम्हाला वर्ष गेलं. शिक्षक मंडळींना जास्त जड गेलं.

तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत आमच्यातले दोघे त्याच्या घरी जाऊन आले. तो नीट बोलला, चहा दिला, ‘बघू काका, वेळ मिळाला तर येतो’ म्हणाला. अजून आलेला नाही.

बरं, मुख्य बोलणं इथेच संपवतो, कारण आज दोन नव्या फिती आणल्या आहेत. पहिली नऊ सेकंदांची आहे, आठवीतल्या मुलीने केलेली, आणि ती स्वतः मागे आईजवळ बसली आहे. दिवे घालवा कोणीतरी. ये गं पुढे, आधी सांग, किती रात्री लागल्या?