दयेला आवर घालणारा कायदा

भुकेल्या जिवाला खाऊ घालू नका, असे सांगणारा कायदा आपल्या मनाला चटकन रुचत नाही. गाईला घास, मुंग्यांना साखर या संस्कारांत आपण वाढलो. पण अशा कायद्यामागचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात शिकारीच्या खाजगी क्लबांची मोठी जंगले आहेत. बर्फाळ हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरत. ती जगावीत आणि शिकारीला मिळावीत, म्हणून मका, गाजरे, बीट यांचे ट्रकच्या ट्रक रानात रिकामे होऊ लागले. दयेत स्वार्थही मिसळलेला होता. हरणे जंगलाच्या कुवतीपलीकडे वाढली.

१९७५ साली शिकार झालेल्या एका हरणात गुरांचा क्षयरोग आढळला. तो अपवाद मानला गेला. १९९४ साली दुसरे हरीण सापडले, आणि पुढच्या तपासण्यांत रोग कळपांत मुरल्याचे दिसले. एरवी विखरून चरणारी हरणे एकाच ढिगात तोंड घालत होती. एकाची लाळ दुसऱ्याच्या पोटात जाई. थंडीत हे जंतू अन्नावर बराच काळ तग धरतात.

१९९८ साली रोग गुरांत पोचला. १९७९ साली मिळवलेला क्षयमुक्त राज्याचा दर्जा २००० साली गेला. रानातल्या त्या ढिगांशी काहीही संबंध नसलेले गोपालकही यात भरडले गेले.

रोगग्रस्त भागात खाऊ घालण्यावर बंदी आली. माझ्या जमिनीवर माझा मका, सरकारचा काय संबंध, असा प्रश्न अशा वेळी उठतोच. पण वन्य प्राणी जमीनमालकाचे नसून साऱ्या जनतेचे, हे तिथल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. मका तुमचा असेल, हरीण तुमचे नाही.

पुढे हरणांचा मेंदू पोखरणारा, औषध नसलेला आणखी एक रोग आला. त्यासाठी २००८ साली राज्याच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात बंदी आली, २०११ साली बहुतांश भागात उठली, आणि रानातल्या हरणांत रोग सापडल्यावर २०१९ साली पुन्हा लागू झाली. लोकांच्या गळी उतरवणे किती कठीण, हे या धरसोडीवरून दिसते.

मला वाटते, आपल्या पूर्वजांचा घास एका जिवापुरता होता. ट्रकभर ढीग ओतणे ही गोष्टच वेगळी. कायद्याला आवरायचा होता तो हा ढीग.