पोर्तुगाल पाहायचा तर कोठून पाहावा?

मंडळी, नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. तेथली भली मोठी घंटा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई सर केली, त्या विजयाची ती खूण. घंटा मूळची पोर्तुगिजांच्या चर्चमधली. हे पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आले, लढले, राहिले, आणि जाताना आपल्या तोंडी शब्द ठेवून गेले. चावी, बादली, घमेले, पगार हे सारे शब्द त्यांच्याच भाषेतून आले. तेव्हा त्यांचा देश पाहण्याचा योग आला, किंवा शाळेत नकाशा उघडून मुलांना तेथे न्यायचे ठरले, तर कोठे जावे, कोठे थांबावे, हा विचार आज करू.

देश लहान आहे. आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण डोंगर, नद्या, समुद्र, किल्ले, मठ यांची इतकी दाटी की सगळेच पाहू म्हणणाऱ्याचे धड काहीच पाहून होत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, गावांची यादी करण्याआधी मनाशी एक प्रश्न धरावा. आपला प्रश्न साधा आहे: एवढासा देश आपल्या दारापर्यंत आला कसा, आणि त्याचे मोल कोणी दिले?

आरंभ लिस्बनपासून करावा. शहराच्या पश्चिमेला, तेजो नदी समुद्राला मिळते त्या बाजूस बेलें नावाचा भाग आहे. १४९७ साली वास्को द गामाची गलबते येथून निघाली आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोहोचली. त्यानंतर राजा मानुएल याने येथे जेरोनिमोसचा मठ बांधावयास घेतला. पुरे व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली. मठाच्या खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड दिसतात. गामाची कबरही येथेच आहे. या बांधकामाला पैसा कोठून आला, म्हणाल? आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर पाच टक्क्यांच्या आसपास कर बसवला होता, त्यातून. म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराचा वाटा त्या दगडांत आहे.

मठासमोर नदीकाठी १९६० साली उभारलेले एक स्मारक आहे. दगडी गलबताच्या नाळेवर दर्यावर्दी, राजे, पाद्री उभे आहेत आणि सर्वांच्या पुढे आहे राजपुत्र हेन्री. त्याचा चेहरा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

बेलेंहून शहरात परत या. बायशा या सखल भागातले रस्ते आखून काढल्यासारखे सरळ आहेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेला जमले असताना येथे प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला आणि मग आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पुढे मंत्री पोंबाल याने शहर नव्याने आखले. भिंतींच्या पोटात लाकडाचा पिंजरा बसवायची रीत घातली, की धक्का बसला तर घर हलेल पण कोसळणार नाही. वर टेकडावर कार्मो मठाचे छप्पर उडालेले देऊळ तसेच ठेवले आहे. शिक्षकांनी हे मुलांना अवश्य सांगावे. किल्लारी आणि भूज ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्या पिंजऱ्याचे मोल समजेल.

जवळच सिंत्राचे हिरवे डोंगर आणि राजवाडे आहेत. सारे प्रवासी तेथे जातात, तुम्हीही जा. जाताना एवढे आठवा की, सोमनाथचा १२८७ सालचा एक संस्कृत शिलालेख या सिंत्राच्या बागेत जाऊन पोहोचला होता.

उत्तरेला कुइंब्रा आहे. १२९० साली स्थापन झालेले विद्यापीठ १५३७ पासून तेथे कायमचे आले. तेथल्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळे राहतात. रात्री ती पुस्तके खाणारे किडे टिपतात, म्हणून त्यांना कोणी हाकलत नाही. आणखी वर गेलात तर दौरू नदीच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले द्राक्षमळे दिसतील. डोंगर उतारावर भात लावणाऱ्या कोकणातल्या माणसाला ती मेहनत समजावून सांगावी लागणार नाही.

परंतु दिवस थोडे असले तर उत्तर सोडा आणि दक्षिणेला समुद्रकाठी लागुश गावी जा. लोक तेथे पिवळे कडे आणि वाळू पाहायला जातात. तुम्ही थोडा वेळ गावात काढा. १४४४ साली आफ्रिकेतून धरून आणलेली २३५ माणसे येथे उतरवली आणि वाटून टाकली. आईपासून मुले, भावापासून भाऊ तोडले. दरबारचा बखरकार झुरारा याने ते दुःख लिहून ठेवले आहे. घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घेणारा होता तोच राजपुत्र हेन्री. २००९ साली याच गावात वाहनतळासाठी खोदताना जुन्या उकिरड्याच्या जागी आफ्रिकी माणसांचे शंभरावर सांगाडे सापडले. गावात गुलामांच्या बाजाराची आठवण सांगणारे एक लहानसे संग्रहालय आहे.

श्रोतेहो, बेलेंच्या स्मारकावर हेन्री ताठ उभा आहे. त्याच हेन्रीची दुसरी बाजू लागुशला कळते. पाहुण्याने दोन्ही ठिकाणी जावे. नुसते बेलें पाहिले तर आपण दिपून जाऊ, नुसते लागुश पाहिले तर त्या लोकांवर अन्याय करू. कारण त्याच पोर्तुगालच्या लोकांनी २५ एप्रिल १९७४ रोजी आपल्याकडची हुकूमशाही उलथून टाकली. सैनिकांच्या बंदुकांत त्या दिवशी लाल फुले खोवली गेली आणि वर्षा-दीड वर्षात आफ्रिकेतल्या वसाहती मोकळ्या झाल्या. गोवा तर १९ डिसेंबर १९६१ लाच मुक्त झाला होता.

प्रत्यक्ष जाणे सगळ्यांना साधणार नाही. पण वर्गात नकाशा टांगता येईल. मुलांना बेलें आणि लागुश यांवर बोट ठेवू द्या, मग वसईवर ठेवू द्या, आणि त्या तिन्ही जागा एकाच गोष्टीतल्या कशा, ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या.