महिला व्यावसायिक गोल्फमधील विक्रमी फेऱ्या

महिला व्यावसायिक गोल्फमधील विक्रमी फेऱ्या म्हणजे अठरा होलांच्या एका फेरीत किंवा संपूर्ण स्पर्धेत अत्यंत कमी फटक्यांत पूर्ण केलेले खेळ होत. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध कामगिरी स्वीडनच्या अ‍ॅनिका सोरेनस्टाम यांची आहे. १६ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील फिनिक्स (अ‍ॅरिझोना) येथे त्यांनी ५९ फटक्यांची फेरी नोंदवली. २०२४ अखेरपर्यंत एलपीजीए टूरच्या अधिकृत स्पर्धांमध्ये ६० पेक्षा कमी फटक्यांची ही एकमेव फेरी होती.

गुणगणनेची पद्धत

गोल्फमध्ये कमी फटके घेणारा खेळाडू विजयी ठरतो. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या आधी ठरलेली असते. तिला पार म्हणतात. ती साधारणपणे ३, ४ किंवा ५ असते. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास बर्डी, दोन कमी लागल्यास ईगल आणि तीन कमी लागल्यास अल्बट्रॉस अशी नोंद होते. एक फटका जास्त लागल्यास तिला बोगी म्हणतात. अठरा होलांच्या मैदानाची एकूण पार बहुधा ७० ते ७२ असते आणि व्यावसायिक महिलांच्या स्पर्धा तीन किंवा चार फेऱ्यांच्या असतात.

मैदानांची पार वेगवेगळी असल्यामुळे विक्रम दोन प्रकारे मोजले जातात. पहिल्या प्रकारात एकूण फटके मोजतात, तर दुसऱ्या प्रकारात पारपेक्षा किती फटके कमी लागले हे पाहतात. हे दोन्ही विक्रम एकाच खेळाडूच्या नावावर असतीलच असे नाही. २००४ मध्ये इंग्लंडच्या कॅरेन स्टपल्स यांनी टूसॉन येथे ७० पारच्या मैदानावर चार फेऱ्यांत २५८ फटके घेतले. हा आकडा सोरेनस्टाम यांच्या २००१ मधील २६१ पेक्षा लहान होता, मात्र स्टपल्स पारच्या २२ खाली होत्या आणि सोरेनस्टाम २७ खाली.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिकी राइट यांनी १९६४ मध्ये टेक्सासमधील मिडलँड येथे टॉल सिटी ओपन स्पर्धेत ६२ फटक्यांची फेरी खेळली. या आकड्याची पुढे बरोबरी झाली, परंतु त्याखाली जाणारी फेरी येण्यास ३० हून अधिक वर्षे लागली. जुलै १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या से री पाक यांनी ओहायोतील सिल्वेनिया येथे जेमी फार क्रोगर क्लासिक स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत ६१ फटके घेतले. पाक यांचे एलपीजीए टूरवरील ते पहिलेच वर्ष होते आणि त्याच आठवड्याच्या प्रारंभी त्यांनी अमेरिकन महिला ओपन जिंकली होती. जेमी फार स्पर्धेत पहिल्या फेरीत ७१ फटके घेऊनही त्या एकूण २६१ फटक्यांसह नऊ फटक्यांच्या फरकाने विजयी झाल्या.

सोरेनस्टाम यांची ५९ फटक्यांची फेरी

स्टँडर्ड रजिस्टर पिंग ही स्पर्धा फिनिक्समधील मून व्हॅली कंट्री क्लबच्या ७२ पारच्या मैदानावर होत होती. आदल्या वर्षी याच स्पर्धेचे विजेतेपद अ‍ॅनिका यांची धाकटी बहीण शार्लोटा सोरेनस्टाम यांनी मिळवले होते. विक्रमाच्या दिवशी शार्लोटा आणि अमेरिकेच्या मेग मॅलन या दोघी अ‍ॅनिका यांच्याच गटात खेळत होत्या.

दुसऱ्या फेरीत सोरेनस्टाम यांनी दहाव्या होलपासून सुरुवात केली. दहा ते सतरा या सलग आठ होलांवर त्यांनी बर्डी नोंदवली. अठराव्या होलवर पार झाल्याने पहिले नऊ होल २८ फटक्यांत पूर्ण झाले. त्यानंतर पहिल्या ते चौथ्या होलवर पुन्हा चार बर्डी आल्या. अशा प्रकारे पहिल्या तेरा होलांपैकी बारा होलांवर बर्डी होती. पाचव्या, सहाव्या व सातव्या होलवर पार, आठव्यावर तेरावी बर्डी आणि नवव्यावर पार होऊन उरलेले नऊ होल ३१ फटक्यांत संपले. संपूर्ण फेरीत एकही बोगी नव्हती.

एलपीजीए टूरवरील एका फेरीचा विक्रम या खेळीने एकदम दोन फटक्यांनी खाली आला. तोपर्यंत पुरुषांच्या पीजीए टूरवर ५९ चा आकडा केवळ तिघांनी गाठला होता: अल गायबर्गर (१९७७), चिप बेक (१९९१) आणि डेव्हिड डुव्हाल (१९९९).

विक्रमी फेरीनंतरही स्पर्धा जिंकण्याचे काम बाकी होते. सोरेनस्टाम यांच्या चार फेऱ्या अनुक्रमे ६५, ५९, ६९ व ६८ फटक्यांच्या झाल्या. २६१ फटके आणि पारच्या २७ खाली अशा गुणसंख्येने त्या विजयी ठरल्या, मात्र दुसऱ्या क्रमांकावरील से री पाक केवळ दोन फटके मागे होत्या. त्या हंगामात सोरेनस्टाम यांनी एलपीजीए टूरवर आठ विजेतेपदे मिळवली आणि एका हंगामात वीस लाख डॉलरपेक्षा अधिक बक्षीस रक्कम मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला गोल्फपटू ठरल्या.

‘५४’ची संकल्पना

सोरेनस्टाम यांच्या जडणघडणीत स्वीडनच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक पिया नीलसन यांचा वाटा मोठा आहे. नीलसन आपल्या खेळाडूंसमोर ५४ फटक्यांच्या फेरीचे ध्येय ठेवत. ७२ पारच्या मैदानावर अठराही होलांवर बर्डी केल्यास ५४ ही संख्या येते. चांगल्या खेळाडूने मैदानावरील प्रत्येक होलवर कधी ना कधी बर्डी केलेली असते, मग त्या सर्व एकाच दिवशी का होऊ नयेत, असा यामागील विचार आहे. पार हे समाधानाचे ठिकाण मानल्यास सात-आठ बर्डींनंतर खेळाडू मिळालेली आघाडी जपण्यासाठी सावध होतो. ध्येय ५४ असल्यास पुढील होलकडेही बर्डीची संधी म्हणून पाहिले जाते.

६० फटक्यांच्या फेऱ्या

५९ चा विक्रम झाल्यानंतर अनेक खेळाडू त्याच्या एका फटक्याच्या अंतरापर्यंत पोहोचल्या. त्यांतील काही उल्लेखनीय फेऱ्या पुढीलप्रमाणे:

• मेग मॅलन – २००३, टूसॉन (७० पार). विक्रमी ५९ च्या वेळी त्या सोरेनस्टाम यांच्या गटात होत्या.
• पॉला क्रीमर – २००८, सिल्वेनिया (७१ पार). पाक यांची ६१ ची फेरी याच स्पर्धेतील होती.
• जेसिका कोर्डा – २०२१, फ्लोरिडा (७१ पार). प्लेऑफमध्ये विजय.
• लिनिया स्ट्रॉम – २०२४, शॉपराइट क्लासिक (७१ पार). अंतिम फेरीत ६० फटके घेऊन विजय.

मेजर स्पर्धांतील विक्रम

फिनलंडच्या मिनिया ब्लॉमक्विस्ट यांनी २००४ च्या महिला ब्रिटिश ओपनमध्ये सनिंगडेल येथे ६२ फटक्यांची फेरी खेळली. मात्र ती स्पर्धा कॅरेन स्टपल्स यांनी जिंकली. स्टपल्स यांनी अंतिम फेरीच्या पहिल्या होलवर ईगल आणि दुसऱ्या होलवर अल्बट्रॉस नोंदवला, त्यामुळे दोनच होलांनंतर त्या दिवसाच्या खेळात पारच्या पाच फटके खाली होत्या.

२०१४ मध्ये दक्षिण कोरियाच्या १९ वर्षीय किम ह्यो-जू यांनी फ्रान्समधील एव्हियन चॅम्पियनशिपच्या पहिल्या फेरीत ६१ फटके घेतले. तोपर्यंत पुरुष वा महिला, कोणत्याही मेजर स्पर्धेत इतकी कमी फटक्यांची फेरी झाली नव्हती. किम यांनी ती स्पर्धा एका फटक्याने जिंकली. याच मैदानावर २०२१ मध्ये ली जंग-उन (६) आणि आयर्लंडच्या लिओना मॅग्वायर यांनी ६१ ची बरोबरी केली, परंतु विजेतेपद दोघींनाही मिळाले नाही. अंतिम दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मिनजी ली यांनी सात फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि प्लेऑफमध्ये ली जंग-उन यांचा पराभव केला.

चार फेऱ्यांचा विक्रम

पारच्या २७ खाली या सोरेनस्टाम यांच्या विक्रमाची बरोबरी दक्षिण कोरियाच्या किम से-यंग यांनी २०१६ मध्ये फिनिक्स येथेच केली. जुलै २०१८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील थॉर्नबेरी क्रीक क्लासिक स्पर्धेत त्यांनी ६३, ६५, ६४ व ६५ अशा फेऱ्या खेळून २५७ फटक्यांत स्पर्धा पूर्ण केली. मैदानाची पार ७२ असल्याने ही गुणसंख्या पारच्या ३१ खाली होती. एकूण फटक्यांचा स्टपल्स यांचा आणि पारच्या तुलनेतील सोरेनस्टाम यांचा, असे दोन्ही विक्रम त्यामुळे एकाच वेळी मोडले गेले. किम यांनी ही स्पर्धा नऊ फटक्यांनी जिंकली.