तलवारबाजी : लागलं की नाही, हे ठरवायचं कुणी?

मंडळी, तलवारबाजी म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना शिवजयंतीची मिरवणूक आठवते. ते मर्दानी खेळ वेगळे, त्यांचा मान वेगळा. मी लिहितोय ते शालेय स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या, जाळीचा मुखवटा आणि पांढरा पोशाख घालून होणाऱ्या तलवारबाजीबद्दल. 1896 पासून एकही ऑलिंपिक या खेळाशिवाय झालेलं नाही. तरी शेजारच्या पोराने त्यात मेडल आणलं तर 'नक्की काय करतोस रे तू?' असंच आपण विचारतो.

हत्यारं तीन. फॉइल, एपी आणि सेबर. तिघांचे नियम वेगळे, कारण तिघांचा जन्म वेगळा. फॉइल ही युरोपातल्या सरदार मंडळींची सरावाची तलवार. जीव जाईल असा घाव शिकायचा, म्हणून फक्त धडावर टोक लागलं तरच गुण. एपी आली ती खऱ्या द्वंद्वातून. तिथे बऱ्याचदा पहिलं रक्त निघालं की भांडण मिटायचं, मग ते बोटातून निघो की पायातून. म्हणून एपीत डोक्यापासून तळपायापर्यंत कुठेही चालतं, आणि दोघांचा वार एकदम लागला तर दोघांनाही गुण. सेबर घोडदळाची. कमरेच्या वर कुठेही, टोकाने किंवा पात्याने.

फॉइल आणि सेबरमध्ये आणखी एक भानगड आहे. दोघांचे दिवे एकदम लागले तर ज्याने आधी चढाई सुरू केली त्याचा गुण. समोरून तलवार येत असताना शहाणा माणूस आधी ती अडवतो, मग मारतो, हा त्यामागचा जुना विचार. अडवलीत की हक्क तुमच्याकडे. पण चढाई कुणाची, हे यंत्र सांगत नाही. पंचच सांगतो. वाद होतात ते इथेच.

आणि या खेळाचा सगळा इतिहास म्हणजे या वादाचाच इतिहास आहे. पूर्वी मुख्य पंच आणि चार सहायक डोळ्यांनी बघून मत द्यायचे. सहायकाचं मत एक, मुख्य पंचाचं दीड! म्हणजे एका बाजूचे दोन्ही सहायक एक झाले की साहेब हरले. ज्याला लागलं त्याने स्वतःच 'तुशे' म्हणून कबूल करायचं, अशीही रीत होती. मग वीज आली. ऑलिंपिकमध्ये एपीला 1936 साली, फॉइलला 1956 साली, सेबरला थेट 1992 साली. टोकावर बटण, अंगातून वायर, लागलं की दिवा.

वाटलं, आता लबाडी संपली. 1976 मध्ये माँट्रियलला सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको मॉडर्न पेंटॅथलॉनमधली एपी खेळत होता. आधीच्या ऑलिंपिकचा पदकविजेता. ब्रिटनच्या जिम फॉक्सला टोक लागलंच नाही, तरी दिवा लागला. तलवार उघडून पाहिली तर मुठीत लपवलेला स्विच! ओनिश्चेंको बाद, त्याचा अख्खा संघ बाहेर.

यापेक्षा वाईट दिवस 1982 चा. रोमच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह फॉइल खेळत होता. समोरच्या मातियास बेअरचं पातं मोडलं आणि तुटकं टोक मुखवटा भेदून डोळ्यातून मेंदूत गेलं. काही दिवसांनी तो वारला. बेअरची चूक काहीच नव्हती. आजचे मजबूत मुखवटे, कडक कापडाचे पोशाख आणि खास पोलादाची पाती यांचे नियम या मृत्यूनंतर कडक झाले. म्हणून 'किट इतकं महाग कशाला?' असं विचारणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट सांगतो.

2012 ला लंडनमध्ये कोरियाची शिन आ-लाम. उपांत्य सामना, घड्याळात एक सेकंद. तो सरला की ती अंतिम फेरीत. तेवढ्यात पुन्हा पुन्हा वार झाले, घड्याळ एकावरच अडकलेलं, आणि शेवटी जर्मनीच्या ब्रिटा हायडेमानचा वार लागला. अपिलाचा निकाल येईपर्यंत शिन जवळपास तासभर त्या पट्टीवर रडत बसून राहिली. अपील फेटाळलं.

आपल्या सी. ए. भवानी देवीने चेन्नईच्या शाळेत सुरुवात केली ती बांबूच्या काठ्यांवर. टोकियोत ती ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. सेबरचा पहिला सामना 15-3 असा जिंकला, दुसरा हरली. 2023 ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य.

तालुका-जिल्हा पातळीवर मात्र वायरची यंत्रणा नसेल तर आजही डोळ्यांवरच काम चालतं. आणि त्या निकालावर दहावी-बारावीचे वाढीव गुण, पुढे जाऊन नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची वाट ठरते. आमदार-खासदार निधीतून व्यायामशाळांना लोखंड भरपूर मिळालंय. दोन पट्ट्यांचा विजेचा संच कुणी मागितला का, हे क्रीडा अधिकाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे? मी या आठवड्यात विचारतोय. तुमच्या तालुक्यात काय स्थिती आहे, कळवा.