फुटसाल : किशोर खेळाडूंचा थकवा व रिकव्हरी

फुटसाल हा छताखालच्या कठीण मैदानावर पाच-पाच खेळाडूंत खेळला जाणारा फुटबॉलचा प्रकार. हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने १९३० मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओ येथे तो सुरू केला. आंतरराष्ट्रीय मैदान ३८ ते ४२ मी. लांब व २० ते २५ मी. रुंद असते. सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा. पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबत असल्याने तो सव्वा तासही चालतो.

मैदान लहान म्हणून दमणूक कमी, हा समज चुकीचा आहे. लांब पळावे लागत नाही. त्याऐवजी दर काही सेकंदांनी वेग घ्यायचा, करकचून थांबायचे आणि वळायचे असते. खेळताना हृदयाचे ठोके बहुधा कमाल मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातात. बाकावर काही मिनिटे बसल्याने दम परत येतो, कारण झटपट ऊर्जा देणारा स्नायूंतील साठा तेवढ्यात बराचसा भरतो. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतील कर्बोदकांचा साठा, भरायला मात्र एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. थांबण्याच्या धक्क्यांनी स्नायुतंतूंना झालेली सूक्ष्म इजा तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकते. नेमका तेव्हाच पुढचा सामना असतो. रिगा येथे २०१९ मध्ये झालेल्या पहिल्या युरोपीय १९ वर्षांखालील स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारे स्पेन व क्रोएशिया सात दिवसांत पाच सामने खेळले.

वयाचा मुद्दा गुंतागुंतीचा आहे. पौगंडापूर्वीची मुले मोठ्यांपेक्षा लवकर ताजीतवानी होतात. पुढे हा फायदा ओसरतो. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते. त्या काळात गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा किंवा टाच दुखणे नेहमीचे. गुडघ्याच्या या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. एकाच संघातील दोन पंधरा वर्षांच्या मुलांची शरीरे दोन-तीन वर्षांच्या अंतराने वाढलेली असू शकतात, म्हणून सर्वांना एकच सराव देणे गैर.

थकवा मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीत खेळाडू सराव किती जड गेला ते शून्य ते दहा या श्रेणीत सांगतो आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणतात : ६० मिनिटांचा सराव सहा वाटला, तर भार ३६०. सोबत झोप, अंगदुखी आणि मन:स्थिती यांविषयी रोज सकाळी विचारपूस करावी. मात्र संघातून वगळतील या भीतीने मुले ‘बरंय’ म्हणतात, हे प्रशिक्षकाने गृहीत धरावे.

उपायांत पहिली झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी. मुंबई-पुण्यात टर्फवर रात्री उशिराचे सामने आणि सकाळची शाळा यांत तिचाच बळी जातो. दुसरा आहार : सामने लागोपाठ असतील तर संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. ५० किलोच्या खेळाडूला तासाला दोन केळी पुरतात. जोडीला दूध किंवा अंडी असावीत. १० ते १५ अंश सेल्सिअस पाण्यात १० ते १५ मिनिटे बसल्याने ठणका कमी होतो, पण ताकदीच्या सरावानंतर हे नित्य केल्यास त्या सरावाचा लाभ घटू शकतो. मालिश व घट्ट पायमोजे यांनी मुख्यतः बरे वाटते. कामगिरी त्यामुळे फारशी सुधारत नाही.

फुटसालच्या नियमांत बदली खेळाडूंच्या अदलाबदलीला संख्येची मर्यादा नाही. ही सवलत हाताशी असताना भरगच्च स्पर्धेत त्याच चार मुलांना शेवटपर्यंत पळवणे हा प्रशिक्षकाचा दोष होय.