तळटीप : माइनक्राफ्टमधील खडी

१. खडी : माइनक्राफ्ट या खेळात जमिनीखाली आणि पाण्याच्या तळाशी सर्रास सापडणारा ठोकळा, खेळातले नाव ग्रॅव्हल. स्वीडनच्या मोयांग कंपनीने हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. त्यातले माती, दगड, लाकूड यांचे ठोकळे आधार काढला तरी अधांतरी राहतात. खडी आणि वाळू मात्र सरळ खाली कोसळतात. त्यामुळे बोगद्याचे छत खणताना वर खडीचा थर लागला, तर ठोकळ्यामागून ठोकळा अंगावर येतो आणि डोके गाडले गेले की खेळणारा गुदमरू लागतो. जाणते खेळाडू अशा वेळी सर्वांत खालचा ठोकळा फोडून त्या जागी चटकन मशाल लावतात. वरून पडणारी खडी मशालीवर आदळून आपोआप फुटते. खडी फोडताना सुमारे १० टक्के वेळा गारगोटी मिळते. गारगोटी, काठी आणि पीस यांपासून ४ बाण होतात. गारगोटीला लोखंडाची जोड दिली की चकमक तयार होते. खडीला टाकाऊ समजणे म्हणूनच चुकीचे आहे. या प्रकरणात पुढे येणारे ‘छत कोसळले’ हे वर्णन वाचकांनी शब्दशः घ्यावे. — संपा.